लावणीतली ‘मी’ कोण?

शाहिराचं आयुष्य पडद्यावर आणायचं, तर त्याच्या लावण्यांमागची स्त्री शोधावी लागते. १९४७च्या ‘लोकशाहीर राम जोशी’ या चित्रपटात ती होती बया. १९५० साली ‘पठ्ठे बापूराव’ चित्रपट निघाला. त्यांच्या कथेतल्या पवळेला तर शोधायचीही गरज नव्हती.

श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे रेठरे हरणाक्षचे, वाळवे तालुक्यातले. जन्म १८६६चा. घर ब्राह्मणाचं, वतन कुलकर्ण्याचं. ते सगळं मागे टाकून हा माणूस तमाशात शिरला आणि पठ्ठे बापूराव झाला. पवळा आपल्या नगर जिल्ह्याची. संगमनेर तालुक्यातलं हिवरगाव पावसा हे तिचं गाव. ती महार समाजातली. दोघं एकत्र आले, फड गाजला. ‘मिठाराणी’च्या वगातली पवळा बघायला मुंबई लोटली. सिनेमाला आणखी काय हवं?

मात्र त्यामुळे एक समज पक्का झाला. बापूरावांची प्रत्येक शृंगारिक लावणी म्हणजे पवळेला लिहिलेली चिठ्ठी, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. शृंगारिक लावणीत बोलते बहुधा ती, लिहितो तो. संगमनेरच्या अनंत फंदींपासून ही रीत चालत आली. आमचे सगनभाऊ जातीने शिकलगार, मुसलमान. हत्यारांना धार लावणाऱ्या घरातल्या या पुरुषानेही विरहिणीचं मन मराठीत मांडलं. ती विरहिणी कोण, असं त्यांना कुणी विचारलं नाही. शिवाय फडावर ती लावणी म्हणायचा नाच्या पोऱ्या, लुगडं नेसलेला मुलगा. लिहिणारा पुरुष, म्हणणारा पुरुष. बाई फक्त शब्दांत.

पवळा उभी राहिली आणि हे बदललं. लावणीतल्या ‘मी’ला खऱ्या बाईचा गळा मिळाला. आता लोक विचारू लागले, हे कुणाचं मनोगत? बापूराव तर आपण दोन लाख लावण्या केल्या असं सांगत. लावणीच्या शेवटी कवीचं नाव येतं, पण तारीख येत नाही. पवळा भेटण्याआधीची कोणती, नंतरची कोणती, हे ठरवायचं कसं?

या प्रेमकथेला दुसरीही बाजू आहे. बापूरावांनी तमाशाचं उत्पन्न बाबासाहेब आंबेडकरांच्या महाडच्या लढ्याला देऊ केलं. बाबासाहेबांनी ते नाकारलं. आपल्या समाजाच्या बायका नाचवून आलेला पैसा नको, ही त्यांची भूमिका होती. चित्रपटाला जो त्याग दिसतो, तो त्या बायकांच्या अंगणातून पाहिला की असा दिसतो. बापूरावांनी जात सोडली, ती स्वतःच्या मर्जीने. पवळेला तसं काही सोडण्याची सोय नव्हती.

पुढे दोघं वेगळे झाले. पवळा १९३९ साली गेली, बापूराव १९४५ साली. लावण्या त्यांच्या नावावर राहिल्या, ते रास्तच आहे. पण कोणता शब्द किती लांबवायचा, कुठे थांबायचं, कुठे डोळे खाली करायचे, हे पवळेनं ठरवलं असणार. ते कोणत्याही वहीत उतरलेलं नाही. म्हणून ‘ही लावणी कुणासाठी लिहिली’ यापेक्षा ‘ती कुणाच्या गळ्यातून आली’ हा प्रश्न मला मोठा वाटतो. त्याचं उत्तर हिवरगाव पावसाला जातं.