गाळा घेतला, म्हणजे नेमके काय घेतले? सोलापूरची नवी पेठ आणि पागडीचा इतिहास

१/ नवी पेठेत कोणी ‘गाळा घेतला’ असे सांगितले की जाणता सोलापूरकर लगेच विचारतो, ‘मालकीचा की पागडीचा?’ पैसे दोन्हींना मोजावे लागतात. परंतु पहिल्यात जागा विकत मिळते, तर दुसऱ्यात त्या जागेत बसण्याचा हक्क. एकाच भिंतीला असे दोन धनी कसे निर्माण झाले, हे जाणल्याशिवाय नव्या गुंतवणूकदाराने इसाऱ्याची रक्कम देऊ नये. 🧵

२/ रेल्वे सोलापुरात १८६० मध्ये पोहोचली. १८७७ मध्ये ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली. शतकाच्या अखेरीस लक्ष्मी आणि नरसिंग गिरजी या गिरण्या आल्या. कामगार वाढले की खोल्या लागतात आणि खोल्यांमागोमाग दुकाने येतात. ज्याच्या हाती चार पैसे शिल्लक होते, त्याला चाळ किंवा गाळे बांधून भाडे खाणे हा समजण्यासारखा व्यवहार होता.

३/ भांडवल कोठून येई? मुख्यतः सावकाराकडून, आणि तेही गहाणावर. नजरगहाणात ताबा ऋणकोकडेच राही. ताबेगहाणात सावकार जागेचा ताबा घेऊन व्याजापोटी भाडे वसूल करी. म्हणजे कागदावर धनको, व्यवहारात घरमालक. तिसरा प्रकार मुदतखरेदीचा : ठरल्या दिवशी रक्कम परत न केल्यास विक्री कायम. अनेक मिळकती या शेवटच्या वाटेने हातातून निसटल्या.

४/ १८७५ च्या दंग्यांनंतर आलेला १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना प्रथम लागू झाला. त्यामुळे न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासता येऊ लागला. मात्र हे कवच शेतकऱ्याचे होते. पेठेतल्या व्यापाऱ्याने घर गहाण टाकले तर त्याच्या पाठीशी फार तर दामदुपटीचा नियम उभा राही : थकलेले व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक मागता येत नसे.

५/ खरी कलाटणी १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने दिली. महायुद्धाच्या काळात जागेची टंचाई वाढली होती आणि भाडेकरूला रस्त्यावर काढणे सोपे होते. कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे सर्वसाधारणपणे ‘प्रमाण भाडे’ ठरवले, आणि ते तेथेच थिजले. हेतू न्याय्य होता, यात शंका नाही. पण तात्पुरता म्हणून केलेला कायदा मुदतवाढ मिळत मिळत अर्धशतक टिकला.

६/ परिणाम काय झाला? दुकानाची किंमत बाजाराबरोबर वाढत गेली, भाडे मात्र जागच्या जागी राहिले. या दोहोंतली तफावत मालकाच्या हातून सुटून भाडेकरूच्या हाती गेली. दुकान सोडताना तो नव्या येणाऱ्याकडून रक्कम घेऊ लागला, मालकही संमतीसाठी वाटा मागू लागला. हीच पागडी. कायद्याने अशी रक्कम घेणे गुन्हा ठरवले होते. म्हणून ती रोखीने, बिनपावतीची आणि शब्दावर चाले.

७/ साहजिकच अशा व्यवहाराला बँक कर्ज देईना. बँकेला तारण लागते, तारणाला हक्काचा कागद लागतो, आणि इथे कागदच नव्हता. मग घरचे सोने, नातलगांची उसनवारी, व्यापाऱ्यांची भिशी. नवख्याला पेठेत शिरण्यासाठी पैशाइतकीच ओळखही लागे, ती याच कारणाने. (आजही मोक्याचा गाळा रिकामा होण्याची बातमी जाहिरातीपूर्वी शेजारच्या दुकानात पोहोचते.)

८/ एक आडवळण. शेअर घेणारा तरी सुखी होता का? जुनी गिरणी १९४९ मध्ये बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने अध्यादेशाने तिचा ताबा घेतला. नव्या संचालकांनी प्राधान्य भागधारकांकडे प्रत्येक शेअरमागे उरलेले ५० रुपये मागितले. द्वारकादास श्रीनिवास न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अध्यादेश घटनाबाह्य ठरवला. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागे जे निकाल होते, त्यांत हा सोलापूरचा खटलाही होता.

९/ भाडे कायद्याकडे परत. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की गोठवलेले भाडे काळाच्या ओघात अन्याय्य झाले आहे. कायद्याची मुदत लवकरच संपणार होती, म्हणून तरतुदी रद्द केल्या नाहीत. नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५६ ने पागडीला अखेर कायद्याच्या चौकटीत आणले.

१०/ त्याच कायद्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढ दिली. हिशेब करून पाहावा : २००० साली महिना ३० रुपये भाडे असेल, तर चक्रवाढीने धरले तरी २५ वर्षांत ते ८० रुपयांच्या आसपास पोहोचते. जुना भाडेकरू असलेली इमारत स्वस्तात मिळते, त्याचे रहस्य एवढेच. उलट बँका, सरकारी महामंडळे आणि १ कोटी रुपये वा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या यांना या कायद्याचे संरक्षण नाही. भाडेकरू कोण आहे, यावर मिळकतीची किंमत ठरते ती अशी.

११/ म्हणून मालकीचा गाळा घेणारा मालमत्ता पत्रक, फेरफार आणि दुय्यम निबंधकाकडील तीस वर्षांचा शोध पाहतो. त्या कागदांवर बँकही कर्जाचा विचार करते. पागडीचा गाळा घेणाऱ्याला जुन्या भाडेपावत्या, मालकाची लेखी संमती आणि त्याच्याशी केलेला नोंदणीकृत भाडेकरार लागतो. मालकाचे वारस चार असतील, तर सही चौघांची.