अक्षरांत बसलेला सूर

संगीत ही गुरुमुखानें घ्यावयाची विद्या आहे, ती कागदावर उतरत नाहीं, असा आपल्याकडील जुना समज आहे. आणि त्यांत तथ्यही आहे. परंतु ज्या गांवीं गुरु नाहीं त्या गांवच्या मुलानें काय करावें, या प्रश्नास तो समज उत्तर देत नाहीं. बारामती-इंदापुराकडील एखादें मूल रेकॉर्डर किंवा ओकॅरिना हातीं घेऊन जुन्या बोलपटांतील एखादी संथ चाल वाजवूं पाहतें, तेव्हां त्याचा पहिला आधार सुरांचीं अक्षरें लिहिलेला एक कागद हाच असतो. त्या कागदाचा इतिहास लहान नाहीं. आणि त्यांतील मोठा भाग महाराष्ट्रीयांनीं घडविला आहे.

सूर अक्षरांत लिहिण्याची कल्पना आपण इंग्रजांपासून घेतली असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नव्हे. तामिळ देशांतील कुडुमियामलै येथील सातव्या शतकाच्या शिलालेखांत स्वरांचे समूह अक्षरांनीं कोरलेले आहेत. तेराव्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ रचला, त्यांतही गीतें याच रीतीनें मांडलीं आहेत. इटालींत ग्विदो नांवाच्या मठवासीयानें अकराव्या शतकांत एका स्तोत्राच्या चरणांरंभींच्या अवयवांवरून सुरांस नांवें दिलीं, तीं तिकडे घरोघर पोंचलीं. आपल्याकडे मात्र ही रीत बहुतांशीं ग्रंथांत राहिली. गवयाच्या बैठकींत चीज कानानेंच शिकावी लागे, आणि उस्तादाची मर्जी नसेल तर तीही मिळत नसे.

ही स्थिति एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पालटूं लागली. पुण्यास 1874 सालीं गायन समाज निघाला. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें मौलाबक्ष यांनीं 1886 सालीं गायनशाळा काढली व स्वरलेखनाची स्वतःची पद्धति चालविली. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं 1901 सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें आणि स्वरलिपीसह क्रमिक पुस्तकें छापून मध्यम वर्गाच्या घरांत गाणें नेलें. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांनीं निरनिराळ्या घराण्यांच्या शेंकडों चिजा गोळा करून त्या प्रसिद्ध केल्या. त्यांची लिपि सोपी आहे: कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखालीं टिंब, तार स्वरावर टिंब, आणि एका मात्रेंत बसणाऱ्या सुरांखालीं एक कमान. एवढ्या चिन्हांवर अनेकांचें संगीतशिक्षण उभें राहिलें. जी वस्तु एका घराण्याची ठेव होती ती कोणाही साक्षराची झाली, हें या कार्याचें खरें मोल होय.

आतां बोलपटाकडे वळूं. प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ 1936 सालीं निघाला. दामले-फत्तेलाल यांचें दिग्दर्शन, केशवराव भोळे यांचें संगीत आणि विष्णुपंत पागनीस यांची भूमिका. दुसऱ्याच वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. त्यांतील एक अभंग शांताराम आठवले यांनीं रचला होता; तो खुद्द तुकोबांचाच असें लोक समजून चालले. शब्दांइतकेंच श्रेय त्या साध्या, सात्त्विक चालीसही आहे. आमच्या या भागास त्याचें विशेष अगत्य वाटावें, कारण देहूहून निघणारी तुकोबांची पालखी दर आषाढीस बारामतीस मुक्काम करते, बेलवाडीस रिंगण होतें, आणि मग ती इंदापुरास येते. वारकऱ्यांस स्वरलिपि लागत नाहीं. मागच्याचा सूर पुढचा उचलतो. जेथें मुखांची अशी अखंड सांखळी आहे तेथें कागद अनावश्यक आहे. जेथें मूल एकटें बसलें आहे तेथें तो आवश्यक होतो.

यांत एक अडचण आहे, तिचा विचार व्हावा. विलायती वाद्याबरोबर येणारीं अक्षरें सी, डी, ई अशीं असतात व तीं ठराविक उंचीच्या सुरांचीं नांवें आहेत. आपला षड्ज मात्र गाणारा ठेवील तेथें बसतो. लहान रेकॉर्डरवर सी हा षड्ज धरला तर सी, डी, ई, एफ्, जी, ए, बी हे आपले सात शुद्ध स्वर होतात. परंतु आपल्या संथ चाली वारंवार षड्जाच्या खालीं उतरतात, आणि तेथें वाद्यांत सूरच उरत नाहीं. अशा वेळीं एफ् ला षड्ज धरावा, म्हणजे तळचा सी हा मंद्र पंचम होतो. शुद्ध मध्यमासाठीं मात्र बी फ्लॅट घ्यावा लागतो. ओकॅरिनाविषयीं हा विवेक अधिकच हवा. इटालींतील बुद्रिओ गांवच्या दोनातीनें 1853 च्या सुमारास घडविलेल्या या मातीच्या वाद्यांत बांसरीप्रमाणें फुंक वाढवून वरचें सप्तक निघत नाहीं. जोरानें फुंकल्यास सूर केवळ चढा व बेसूर होतो. म्हणून चालीचा पल्ला आधीं पाहून मग षड्ज ठरवावा.

अक्षर सूर सांगतें. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तें सांगत नाहीं. गुरुपरंपरेचा आक्षेप येथें बरोबर आहे. परंतु न लिहिल्यानें काय होतें तेंही बारामतीकरांनीं आठवावें. कऱ्हेच्या कांठीं, बाबूजी नाइकांच्या आश्रयास राहून मोरोपंतांनीं आर्यांचा सागर निर्माण केला. त्यांची ‘केकावली’ पृथ्वी वृत्तांत आहे. वृत्ताच्या नांवावरून लघु-गुरूंचा हिशेब कळतो, पण पंतांच्या कंठांतील सूर कळत नाहीं. शब्द लिहिले म्हणून ते 1794 नंतरही राहिले. सूर कंठाबरोबर गेला.

बोलपटाच्या चालीचें भाग्य याहून थोर आहे. तिची मींड ध्वनिमुद्रिकेंत राहिली आहे व तिचे सूर कागदावर मांडतां येतात. एकानें कान तयार होतो, दुसऱ्यानें कोणतें बोट उचलावें तें कळतें. दोन्ही मिळून पुरा गुरु होत नाहीं. अर्धा तरी होतो. म्हणून मुलांनीं आधीं चाल पाठ होईपर्यंत ऐकावी, ती गुणगुणावी, आणि नंतरच कागद उघडावा. आधीं कागद घेणाऱ्याच्या हातीं अक्षरें येतात. आधीं ऐकणाऱ्यास त्याच अक्षरांत चाल सांपडते. आणि घरच्या वडील माणसांनीं हें शिक्षण बाजारी म्हणून हेटाळूं नये. ज्या घरीं गवई येणें शक्य नाहीं त्या घरीं पलुसकर-भातखंड्यांची कमाई याच वाटेनें पोंचते.