पॅक-१२ कॉन्फरन्स

अमेरिकेच्या पश्चिम भागातील विद्यापीठांची क्रीडासंघटना. तिचे मूळ १९१५ मध्ये पोर्टलंड येथे स्थापन झालेल्या पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये आहे. शेजारच्या विद्यापीठांनी आपसांत खेळावे, हा कॉन्फरन्सचा मूळ हेतू. अमेरिकन फुटबॉलच्या दूरचित्रवाणी हक्कांच्या पैशापुढे तो टिकला नाही. जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूएससी व यूसीएलए या विद्यापीठांनी मध्य-पश्चिमेत रुजलेल्या बिग टेन कॉन्फरन्सची वाट धरली. २०२३ मध्ये आणखी आठ विद्यापीठे निघाली. त्यांपैकी स्टॅनफर्ड व बर्कली ही पॅसिफिककाठची विद्यापीठे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेली. नावातला भूगोलच निरर्थक ठरला. शेवटी ऑरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट एवढीच उरली. दूरच्या कॉन्फरन्समध्ये गेल्याने वाढलेल्या प्रवासाचा खरा भार व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलसारख्या खेळांच्या विद्यार्थ्यांवर पडतो, आणि ही बाब गंभीर आहे.