फ्रीजमधला वायू आणि ओझोनचं छिद्र: एका कराराची गोष्ट

हवेचं प्रदूषण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धूर येतो. गिरणीची चिमणी, डिझेलचा ट्रक, दिल्लीचा हिवाळा. आज आपण ज्या वायूची गोष्ट बघणार आहोत, तो दिसत नाही, जळत नाही आणि विषारीही नाही. गंमत अशी, की त्याचा हाच चांगुलपणा पुढे जगाला नडला.

1920 च्या दशकातल्या फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड भरलेलं असे. गळती झाली तर माणसं दगावत. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी, पुढे आणले. 1930 साली मिजलींनी रसायनतज्ज्ञांच्या सभेत हा वायू छातीत भरून घेतला आणि पेटत्या मेणबत्तीवर सोडला. मेणबत्ती विझली, मिजली ठणठणीत! मग हा वायू फ्रीजमध्ये गेला, एसीत गेला, स्प्रेच्या डब्यांत गेला, फोम बनवायच्या कारखान्यांत गेला.

पण तिथून गळून तो पुढे जातो कुठे? हा प्रश्न चाळीस वर्षं कुणाला फारसा पडला नाही. 1971-72 मध्ये जेम्स लव्हलॉक यांनी इंग्लंडहून अंटार्क्टिकाकडे जाणाऱ्या जहाजावर हवा मोजली, तर भर समुद्रातही सीएफसी सापडले. म्हणजे गळलेला वायू हवेत नुसता साठत होता. कॅलिफोर्नियात शेरवूड रोलंड आणि मेक्सिकोहून आलेले तरुण संशोधक मारिओ मोलिना यांनी पुढचा प्रश्न विचारला: याचा शेवट काय?

उत्तर त्यांनी 1974 मध्ये छापलं. सीएफसी खाली कशानेच मोडत नाहीत, पावसानेही धुतले जात नाहीत. म्हणून ते सावकाश वर, ओझोनच्या थरापर्यंत पोचतात. तिथे तीव्र अतिनील किरणांनी रेणू फुटतो आणि क्लोरीनचा अणू मोकळा होतो. तो ओझोनचा एक ऑक्सिजन काढून घेतो, पुढच्या अभिक्रियेत तो सोडून देतो आणि पुन्हा मोकळा! असा एकेक अणू ओझोनचे लाखभर रेणू संपवू शकतो. आणि ओझोन विरळ झाला की जास्त अतिनील किरण जमिनीवर येणार, त्वचेचा कर्करोग आणि मोतीबिंदू वाढणार.

उत्पादक म्हणाले, हा नुसता कागदावरचा हिशेब आहे. पुरावा कुठे आहे? तो आला अंटार्क्टिकातल्या हॅली या ब्रिटिश तळावरून. तिथे 1956 पासून ओझोन मोजण्याचं काम चालू होतं. कंटाळवाणं काम, वर्षानुवर्षं तेच. 1985 मध्ये जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी दाखवलं, की ऑक्टोबरमधला ओझोन सुमारे 300 डॉबसन एककांवरून 200 च्या खाली आला आहे. उपग्रहानेही हे आकडे टिपले होते. पण 180 च्या खालचा आकडा तिथे 'संशयास्पद' या खुणेखाली बाजूला पडत होता.

पुढची तारीख नीट लक्षात ठेवू. 16 सप्टेंबर 1987, माँट्रियल करार. त्या दिवशी छिद्राचं कारण पक्कं सिद्ध झालेलं नव्हतं. सुसान सोलोमन यांनी ध्रुवीय ढगांवरच्या अभिक्रियांचं स्पष्टीकरण मांडलं होतं, पण विमानांतून घेतलेली निर्णायक मोजमापं त्याच सुमारास चालू होती. जग पूर्ण खात्रीची वाट बघत थांबलं नाही.

आता आपल्या बाजूने बघू. भारताने तेव्हा सही केली नाही. का? थर विरळ केला श्रीमंत देशांनी, आणि आपल्याकडे मध्यमवर्गाच्या घरात फ्रीज नुकता कुठे येत होता. नवं तंत्रज्ञान महाग, ते कुणाच्या पैशाने आणायचं? भारत आणि चीन यांनी हा प्रश्न लावून धरला. 1990 मध्ये लंडनला विकसनशील देशांसाठी स्वतंत्र निधी ठरला. मुदतीत दहा वर्षांची सवलत आधीच होती. 1992 मध्ये भारत करारात आला, आणि 2010 पासून दम्याच्या पंपासारखे मोजके अपवाद सोडले तर इथला सीएफसीचा वापर थांबला.

गोष्ट इथे संपती तर बरं झालं असतं. सिकंदराबादला फ्रीजच्या कारखान्यात नोकरी करताना वीरभद्रन रामनाथन यांच्याकडे काम होतं वायूची गळती का होते ते शोधण्याचं. अमेरिकेत गेल्यावर त्यांनीच 1975 मध्ये दाखवलं, की हे वायू उष्णताही जबरदस्त अडवतात. वजनाला वजन धरलं, तर शंभर वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट. सीएफसीच्या जागी आलेल्या एचएफसीत क्लोरीन नाही, ओझोन वाचतो, पण उष्णता तेही अडवतात. म्हणून 2016 मध्ये किगालीला त्यांच्यावरही मर्यादा घालावी लागली.

2022 च्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार अंटार्क्टिकावरचा थर 1980 च्या पातळीला यायला साधारण 2066 उजाडेल. सीएफसी हवेत पन्नास ते शंभर वर्षं टिकतात, त्यामुळे आपल्या आजोबांच्या काळातला वायू अजून वर आहे.

हवामानबदलाच्या चर्चेत माँट्रियलचं उदाहरण नेहमी दिलं जातं. पण तिथे सीएफसीला पर्याय मिळाला आणि बनवणारे कारखाने मोजके होते. कोळसा आणि पेट्रोलचं तसं नाही, त्यावर आपला अख्खा दिवस चालतो. तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. रसायनशास्त्राने काय थांबवायचं ते सांगितलं, पण ते थांबलं खर्च कोण उचलणार हे ठरल्यावरच. हवामानाच्या परिषदा आजही नेमक्या त्याच प्रश्नावर अडतात.