वैरणीचा हिशेब : तीन पदे आणि एक पेंढी

सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात चिपळूणनजीक हलवर्ण येथे पागेचा तळ होता. तेथील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस शिवाजी महाराजांकडून गेलेले पत्र रयतेविषयीच्या कळकळीसाठी प्रसिद्ध आहे. त्यातील वैरणीच्या हिशेबाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. जमविलेला दाणा व वैरण पावसाळाभर पुरवावयाची आहे. आताच ती बेहिशेबी उडविली तर पुढे घोडी उपासाने मरतील आणि शिपाई रयतेस उपद्रव देऊ लागतील, असा त्यातील युक्तिवाद आहे. साठा, जनावरे आणि दिवस ही तीन पदे तेथे एकत्र मांडलेली आहेत.

इंग्रजी अमदानीत ही पदे विलग झाली. 1919-20 पासून पशुगणना सुरू झाली, तीत जनावरांची शिरे मोजली गेली. पिकांची आणेवारी ठरे, ती मुख्यतः धान्याची. चारापिकांखालील क्षेत्राची नोंद होई. पण कोरड्या वैरणीचा मोठा भाग धान्यपिकांच्याच ताटांतून येतो आणि त्याचे वजन कोणी करीत नसे. ते धान्याच्या उत्पन्नावरून ठराविक प्रमाणाने अनुमानिण्याची पद्धत रूढ झाली.

हे प्रमाण स्थिर मानणे हाच या पद्धतीचा मुख्य दोष होय. मोहोळ येथे निवडलेली मालदांडी 35-1 ही उंच ज्वारी कडब्यासाठीही नावाजलेली. उलट 1964 मध्ये प्रसारित झालेली सी. एस. एच. 1 ही संकरित ज्वारी ठेंगणी, दाण्याला भरघोस. एकच गुणक दोहोंस लावल्यास धान्य वाढलेल्या वर्षी कागदावर कडबाही वाढतो. गोठ्यात तो वाढलेला नसतो.

शब्दांची कथाही अशीच आहे. ज्वारीचा कडबा, बाजरीचे सरमाड, भाताचा पेंढा, गव्हाचे भुसकट, हिरवे कडवळ : शेतकऱ्याची भाषा पीक आणि अवस्था दोन्ही सांगते. तक्त्यात या सर्वांचा ‘सुका’ व ‘हिरवा’ चारा होतो. (भातपेंढा आणि कडबा यांत जनावराला पडणारा फरक कोणताही गुराखी सांगेल.)

मापाची अडचण याहून मोठी. कडबा शेकडा पेंढ्यांच्या भावाने विकला जातो. परंतु पेंढी बांधणाऱ्याच्या हाताप्रमाणे आणि गावाच्या रिवाजाप्रमाणे लहानमोठी होते. टंचाईच्या वर्षी भाव तोच ठेवून पेंढी बारीक केली, तर बाजारभावाच्या नोंदीत टंचाई दिसतच नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये आरंभिलेल्या एकविसाव्या पशुगणनेचा विषयही जनावरे हाच होता. तिच्या जोडीस प्रत्येक तालुक्यातील पेंढीचे वजन सुगीनंतर एकदा काट्यावर घेऊन नोंदले, तर हलवर्णच्या पत्रातील पहिले पद पुन्हा हाती येईल.