तात, तेल आणि टेनिसचा चेंडू

घर्षणाचा धडा शिकवताना आपण फळ्यावर दोन याद्या करतो. एकीकडे घर्षणाचे फायदे, दुसरीकडे तोटे. पाय घसरत नाही हा फायदा, यंत्राची झीज होते हा तोटा. मुले दोन्ही याद्या पाठ करतात आणि धडा संपतो. पण एकाच वस्तूत, बोटभर अंतरावर, एका जागी घर्षण हवे आणि दुसऱ्या जागी नको, असे उदाहरण द्यायचे झाले तर कोणते द्यावे? आम्हाला टेनिसच्या रॅकेटचे उदाहरण सर्वांत चांगले वाटते. त्यातले हवे कुठले आणि नको कुठले, हे ओळखायला जाणत्यांनाही शंभर वर्षे लागली.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात टेनिस तसे दूरचेच. हा खो-खोचा जिल्हा. इथल्या सारिका काळे यांना २०२० साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. टेनिसच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा पाहायच्या तर शेजारच्या सोलापूरला किंवा पुण्याच्या बालेवाडीला जावे लागे. मात्र रॅकेटमधली तात आपल्याला परकी नाही. शेळ्यामेंढ्यांचे आतडे स्वच्छ करून, पीळ देऊन, ताणून वाळवले की तात तयार होते. कापूस पिंजणाऱ्या पिंजाऱ्याच्या कमानीला हीच तात असे, सारंगीलाही हीच. उस्मानाबादी शेळीच्या मुलखातल्या मुलांना तात म्हणजे काय हे समजावताना इंग्रजी नावापासून सुरुवात करण्याची गरज नाही.

टेनिसची तातही वाद्यांकडूनच आली. फ्रान्समधील लिआँ शहरात बाबोला यांचा वाद्यांसाठी ताती बनवण्याचा व्यवसाय होता. त्यांनी १८७५ साली टेनिसच्या रॅकेटसाठी तात बनवली. दोनच वर्षांनी, १८७७ मध्ये, विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली. आपल्याकडे खेळाडू रॅकेट विणून घेण्याला आजही ‘गटिंग’ म्हणतात, आणि त्या शब्दातला ‘गट’ म्हणजे आतडेच. तात नायलॉनची असली तरी बोलण्यात आतडे उरले आहे!

चेंडू हवेत वळतो का, हा प्रश्न याहून जुना. न्यूटनने १६७२ साली प्रिझमच्या प्रयोगांविषयी रॉयल सोसायटीला जे पत्र लिहिले, त्यात तिरप्या रॅकेटने मारलेला चेंडू वक्र मार्गाने जातो ही आठवण नोंदवली आहे. प्रकाशाचे किरणही तसेच वळत असतील का, अशी त्याला शंका आली होती. फिरत्या वस्तूवर हवेचा आडवा जोर येतो हे जर्मनीत माग्नुसने १८५२ साली प्रयोगाने दाखवले. पुढे १८७७ मध्ये, म्हणजे विम्बल्डनच्याच वर्षी, लॉर्ड रॅले यांनी टेनिसच्या चेंडूच्या वाकड्या मार्गावर शोधनिबंध लिहिला. रॅकेट खालून वर घासत नेली की चेंडूचा वरचा भाग पुढच्या दिशेला फिरू लागतो. अशा चेंडूला हवा खाली दाबते आणि जोरात मारलेला चेंडूही मैदानाच्या आत पडतो. यालाच टॉपस्पिन म्हणतात. हवेत काय घडते ते अशा रीतीने कळले. तातीवर काय घडते, याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

कारण उत्तर उघड वाटत होते. तात जितकी खडबडीत, तितकी चेंडूला पकड जास्त, आणि पकड जास्त म्हणजे गिरकी जास्त. आमच्यापैकी कोणाला विचारले असते तर आम्हीही हेच सांगितले असते.

या समजुतीला पहिला धक्का १९७७ साली बसला, तोही प्रयोगशाळेत नव्हे. बव्हेरियातील वेर्नर फिशर यांनी एक विचित्र रॅकेट तयार केली होती. नेहमीच्या रॅकेटमध्ये उभ्या आणि आडव्या ताती मागावरच्या ताण्याबाण्यासारख्या एकमेकींत विणलेल्या असतात. फिशर यांनी विणलेच नाही. उभ्या तातींचे दोन थर केले, मध्ये मोजक्याच आडव्या ताती ठेवल्या आणि उभ्या तातींवर प्लास्टिकच्या नळ्या चढवल्या. उभ्या ताती सर्वच्या सर्व बाजूला सरकत आणि झटक्यात परत येत. नळ्या शेवयांसारख्या दिसत, म्हणून तिला ‘स्पॅगेटी रॅकेट’ म्हणू लागले. त्या वर्षी अमेरिकन स्पर्धेत माइक फिशबाक या फारशा कोणाला माहीत नसलेल्या खेळाडूने अशाच रॅकेटने माजी विम्बल्डन विजेता स्टॅन स्मिथ याला हरवले. त्यानंतर फ्रान्समध्ये इली नास्तासे अशा रॅकेटपुढे हरला, चिडला, आणि पुढच्याच आठवड्यात तीच रॅकेट स्वतः घेऊन उतरला! एक्स-आँ-प्रोव्हान्स येथील अंतिम सामन्यात त्याच्यासमोर गिलेर्मो विलास होता, सलग ४६ सामने जिंकत आलेला. पहिले दोन सेट गमावल्यावर विलासने सामना सोडून दिला. चेंडू कुठे पडेल आणि कसा उसळेल, याचा अंदाजच येत नव्हता.

आंतरराष्ट्रीय संघटनेने ऑक्टोबर १९७७ मध्ये तात्पुरती बंदी घातली आणि १९७८ साली नियम केला. गंमत अशी की रॅकेट कशी असावी याचा नियम तोपर्यंत नव्हताच. ताती एकमेकींत विणलेल्या असाव्यात किंवा जिथे एकमेकींना छेदतात तिथे जोडलेल्या असाव्यात, असे आता ठरले. फिशर यांची रॅकेट संपली. आमच्या मते नियम करणाऱ्यांनी योग्य दुखण्यावर बोट ठेवले होते. सरकणारी तात हेच गिरकीचे मूळ आहे हे त्यांच्या नियमात गृहीतच आहे. पण बंदी घातली की प्रश्न मिटतो आणि त्यामागचे ‘का’ विचारायचे राहून जाते. तसेच झाले. खडबडीत तातीची समजूत पुढची पंचवीस वर्षे टिकून राहिली.

दरम्यान तीच युक्ती दुसऱ्या दाराने आत आली. बेल्जियममधील लक्सिलॉन कंपनी पॉलिएस्टरचे एकसंध, ताठ आणि गुळगुळीत धागे बनवीत असे. १९९७ साली ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्तेनने या धाग्यांच्या रॅकेटने फ्रेंच स्पर्धा जिंकली, तेव्हा त्याचा जागतिक क्रमांक ६६ होता. काही वर्षांतच बहुतेक व्यावसायिक खेळाडू पॉलिएस्टरकडे वळले. चित्रीकरणावरून केलेल्या मोजणीत सॅम्प्रस आणि अगासी यांच्या फोरहँडची गिरकी मिनिटाला सुमारे १,८०० ते १,९०० फेरे भरली, तर नदालची सरासरी सुमारे ३,२००. रॅकेट मोठ्या आणि हलक्या झाल्या, फटक्याची पद्धत बदलली, त्यामुळे सगळे श्रेय धाग्याला देता येत नाही. तरी प्रश्न उरतोच: गुळगुळीत धाग्याने गिरकी वाढावी कशी?

उत्तर २००० नंतरच्या दशकात वेगवान कॅमेऱ्यांनी दिले. जपानमध्ये योशिहिको कावाझोए यांनी वापरलेल्या तातींना वंगण लावून चित्रे घेतली. वंगणानंतर गिरकी वाढली! ऑस्ट्रेलियाचे रॉड क्रॉस आणि अमेरिकेचे क्रॉफर्ड लिंडसे यांनी मोजमापे करून यामागची क्रिया उलगडली. चेंडू तातीवर सेकंदाचा सुमारे पाच हजारांश भाग टेकतो. प्रथम तो घसरतो, मग तातीला पकडतो. एकदा पकड बसली की तात आणखी खडबडीत असून काही मिळत नाही. न घसरता चालणाऱ्या गाडीच्या चाकाखाली रस्ता अधिक खरखरीत केला म्हणून चाक जास्त वेगाने फिरत नाही, तसेच हे. पकड बसल्यावर चेंडू उभ्या तातींना आपल्यासोबत बाजूला ओढतो. त्या आडव्या तातींवरून सरकतात, ताणल्या जातात, आणि चेंडू सुटण्याआधीच झटक्याने परत येताना त्याला जास्तीची गिरकी देतात.

म्हणजे घर्षणे दोन. चेंडू आणि तात यांच्यातले पुरेसे हवे, तात आणि तात यांच्यातले कमीत कमी हवे. दुसरे जास्त असेल तर तात बाजूला गेली की तिथेच अडकते आणि तिच्यात साठलेली ऊर्जा वाया जाते. जुन्या सामन्यांच्या चित्रफितींत दोन गुणांच्या मध्ये खेळाडू बोटांनी ताती सरळ करताना दिसतात. आम्ही कितीदा ते पाहिले आणि एकाग्रतेसाठी चाललेला चाळा समजून सोडून दिले. पुरावा तिथेच होता.

तात निवडताना हे उपयोगी पडते. फेडरर उभी आतड्याची तात आणि आडवी पॉलिएस्टरची अशी जोडी वापरत असे. आतड्याची लवचिकता आणि पॉलिएस्टरचा गुळगुळीतपणा, दोन्ही पदरात. पण आतडे महाग आणि ओल लागली की बिघडते. पॉलिएस्टरचा ताण लवकर उतरतो, आणि ते ताठ असल्याने कोपराला हिसका बसतो. नुकत्याच शिकू लागलेल्या मुलाच्या रॅकेटला पॉलिएस्टर घालू नये, मऊ नायलॉन बरे. नदालसारखा ताती हलवणारा वेग त्या हाताला नसतो. गिरकी मिळत नाही, दुखणे तेवढे मिळते.

टेनिसची रॅकेट नसली तरी शाळेच्या कपाटात बॅडमिंटनची एखादी जुनी रॅकेट असतेच. तिची एक उभी तात बोटाने बाजूला सारा आणि सोडा. ती कुठे थांबते ते खुणेने टिपा. मग तात जिथे आडव्या तातींना छेदते तिथे शिलाई मशिनच्या तेलाचा एकेक थेंब लावा आणि पुन्हा तितकीच सारा. मुलांना आधी अंदाज लिहून ठेवायला सांगा, तेल नंतर आणा. ताती नीट न्याहाळल्या तर छेदाच्या जागी झिजून पडलेल्या बारीक खाचाही दिसतील. खाच असलेली तात आणि नसलेली तात, दोन्ही सारून पाहा.