फोटोतलं पुस्तक

गेल्या चातुर्मासात आमच्या बस्तीच्या हॉलमध्ये श्राविकांसमोर बोलायचं होतं. मी भिंतीवर एक फोटो दाखवला. खालची नावं मुद्दाम झाकली होती. तीन तरुण मुली, डावीकडची साडीत, मधली किमोनोत, उजवीकडची डोक्यावरून वस्त्र घेतलेली आणि दागिन्यांनी मढलेली. "काय वाटतं बघून?" असं विचारलं.

"गॅदरिंगचा फोटो असंल," एक काकू म्हणाल्या. हशा पिकला. दुसरीनं साडी कशी नेसलीय ते बघितलं. तिसरीला त्या दागिन्यांची घडण हवी होती. पाच मिनिटं अशीच गेली आणि कुणाचाही डोळा ओला झाला नाही.

मग मी कागद काढला. १० ऑक्टोबर १८८५, अमेरिकेतलं फिलाडेल्फिया, बायकांचं मेडिकल कॉलेज. डीन रेचेल बॉडली यांच्याकडच्या समारंभात आपापल्या देशाच्या पोशाखात आलेल्या तीन विद्यार्थिनी. साडीतली ती आनंदीबाई जोशी.

हॉल एकदम शांत झाला. नाव सगळ्यांना माहीत, पण बहुतेकींनी हा फोटो पाहिलेला नव्हता. मी तारखा सांगत गेले. १८६५ चा जन्म, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं. १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोट. मार्च १८८६ मध्ये पदवी. आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं मृत्यू, बावीस वर्षंही पुरी नाहीत. म्हणजे फोटोतल्या मुलीकडे जेमतेम सोळा महिने उरले होते. मघाशी साडी बघणारी वैनी आता पदर डोळ्याला लावून बसली होती. फोटो तोच, भिंत तीच.

आपल्या भागाशी तर तिचा धागा दोन्ही टोकांना बांधलेला आहे. गोपाळराव पोस्टात नोकरीला, कोल्हापूरला असताना त्यांनी बायकोच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. ते तिकडच्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आलं आणि तिथून सगळं सुरू झालं. पदवीनंतर तिची नेमणूकही कोल्हापूरलाच झाली होती, आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, बायकांच्या वॉर्डावर. आजचं सीपीआर ते. हे सांगितल्यावर मागून आवाज आला, "अगं बाई, माझी दोन बाळंतपणं तिथंच झाली की!" ती तिथं रुजू होऊ शकलीच नाही. तिच्या अस्थी कार्पेंटरबाईंनी न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सीच्या दफनभूमीत, आपल्या घराण्याच्या जागेत ठेवल्या.

म्हणजे फोटोतली ताकद गोष्टीतून येते, असं मी त्या दिवशी ठासून सांगून आले.

रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, उरलेल्या दोघींबद्दल कुणी एक शब्द विचारला नव्हता. आणि मीही सांगितलं नव्हतं. मधली केई ओकामी १८८९ ला पदवी घेऊन जपानला परतली, टोकियोतल्या हॉस्पिटलात काम केलं. सम्राट भेटीला येणार तर बाई म्हणून तिला पुढं येऊ दिलं नाही, तेव्हा तिनं ती नोकरी सोडली आणि स्वतःच रोगी तपासायला लागली. १९४१ पर्यंत जगली. उजवीकडची साबात इस्लामबूली सीरियातल्या दमास्कसची, पदवी १८९० ची. तिच्याबद्दल फारच थोडं लिहिलं गेलंय. तिघी एका कॅमेऱ्यासमोर बसल्या, पण आमचं रडू एकटीच्या वाट्याला. आणि या फोटोखाली हल्ली 'आपापल्या देशाच्या पहिल्या डॉक्टर' असं जे लिहून फिरवतात तेही तपासून घ्यावं लागतं. जपानात ओगिनो गिन्को या बाईंना १८८५ मध्येच सरकारी परवाना मिळाला होता, आणि आपल्याकडे कलकत्त्यात कादंबिनी गांगुली त्याच १८८६ साली डॉक्टर झाल्या.

हे इतकं लागलं त्याचं कारण आमच्याच घरात आहे.

सासरच्या माळ्यावर एक फोटो होता. नऊवारीतली बाई, शेजारी खुर्ची, हातात पुस्तक. मागं काही लिहिलेलं नाही. सासूबाई 'आत्तीचा फोटो' म्हणायच्या. कुणाची आत्ती ते मी विचारलं नाही, आणि त्या गेल्या. वाटण्या झाल्या तेव्हा भांडी, पाट, तांब्याचे हंडे सगळ्यांना हवे होते, हा कुणालाच नको होता. मी आणला, हॉलमध्ये लावला. येणारं-जाणारं विचारायचं, मग मी सांगू लागले की ही आमच्या घराण्यातली पहिली शिकलेली बाई. लवकर विधवा झाली, सोलापूरकडं आश्रमात शिकली, शास्त्र वाचायची. कशावरून? हातातल्या पुस्तकावरून. हळूहळू ती गोष्ट मलाच खरी वाटायला लागली. माझ्या मुलीनं शाळेत तिच्यावर निबंध लिहिला. बक्षीस मिळालं.

चार वर्षांपूर्वी निपाणीहून यजमानांच्या चुलत आत्या आल्या, नव्वदीच्या. फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि हसल्या. "ही आमची थोरली काकी. हिला कुठलं वाचाय येतंय? फोटोवाल्यानं दिलं होतं ते पुस्तक हातात. आईनं सांगितलेलं मला. काकी म्हणे घाबरली, शास्त्र असंल तर चप्पल घालून कसं धरू म्हणून तिनं आधी चप्पल काढली."

मी उठून जवळ गेले. तीस वर्षं बघत होते तो फोटो. बाई अनवाणी होती. पुस्तक उघडलेलं नव्हतं, वाचणारी बाई धरते तसं धरलेलं तर नव्हतंच. दोन्ही तळहात खाली, छातीपाशी, पूजेचं ताट धरावं तसं. सगळं फोटोत होतंच. माझ्या गोष्टीत ते बसत नव्हतं म्हणून मला दिसलं नाही.

आत्याबाईंना मी चहा दिला. त्यांचं नाव काय होतं, असं त्या काकींबद्दल विचारलं. त्या बराच वेळ आठवत राहिल्या. "काकीच म्हणत होते सगळे," म्हणाल्या.

मुलगी आता पुण्यात असते. तिला फोन करून सगळं सांगितलं. निबंधाचं काय करायचं, असं तिनं विचारलं. ती वही अजून माझ्याकडंच आहे, कपाटात, सर्टिफिकेटाबरोबर. पुढच्या चातुर्मासात बोलावलं तर हा फोटो न्यायचा ठरवलंय, आणि यावेळी आधी काही सांगायचं नाही, नुसतं पायांकडं बघा म्हणायचं.